फळ्यावरून वाचणारा नट

माझ्या नवऱ्याला जुन्या विनोदी सिनेमांचं वेड आहे. छंद म्हणता आला असता, पण छंद असलेली माणसं निदान घरातल्या बाकीच्यांना सुखानं नाश्ता करू देतात. मस्कतमधल्या आमच्या वादी अदाईच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी पडदे ओढले जातात, हॉलच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं जातं आणि त्या जागी प्रोजेक्टरचा चौकोनी उजेड पडतो. खिडकीबाहेर डोंगर उन्हात भाजत असतो आणि आत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा एक गोरा माणूस शिडीवरून पडत असतो. मी पोहे घेऊन त्याच्यासमोरून गेले की तो माझ्या गाऊनवर पडतो.

हा नट मूकपटांच्या काळात म्हणे फार मोठा होता. मग बोलपट आले आणि कंपन्यांनी त्याला वीस-वीस मिनिटांच्या छोट्या सिनेमांना जुंपलं. मोठा सिनेमा सुरू होण्याआधी लोक खुर्च्या शोधत असताना दाखवायचे ते सिनेमे. नवऱ्याकडे त्यातले झाडून सगळे आहेत. मी ते सगळे पाहिलेत, कारण आमचा हॉल एकच आहे आणि स्वयंपाकघराला दार नाही.

माझं मत मी पहिल्यापासून लपवलेलं नाही. मूकपटात हा माणूस निदान गप्प पडायचा. बोलपटात तो आधी पडतो आणि मग सांगतो की मी पडलो. ज्याला डोळे आहेत त्याला हे सांगण्याची काय गरज? बरं, तेव्हा माइक म्हणजे मोठं प्रकरण, तो कुठेतरी लपवावा लागे. त्यामुळे त्याच्या प्रत्येक सिनेमात टेबलावर एक भली मोठी फुलदाणी असते आणि घरातली सगळी माणसं तिच्याभोवती गोळा होऊन बोलतात. नवरा-बायकोचं भांडणसुद्धा फुलदाणीला सांगितल्यासारखं. याला नवरा ‘त्या काळातली तांत्रिक मर्यादा’ म्हणतो. मी त्याला खुळचटपणा म्हणते.

आणि सगळ्यात मोठा खुळचटपणा पुढेच आहे. एकाचा आवाज दुसऱ्याच्या तोंडी बसवायची सोय तेव्हा अजून धड झाली नव्हती. मग परदेशात सिनेमा विकायचा कसा? तर तोच सिनेमा, तीच शिडी, तीच फुलदाणी, परत उभी करायची आणि हाच नट स्पॅनिशमध्ये बोलणार. मग फ्रेंचमध्ये. मग जर्मनमध्ये. त्याला यातलं ओ की ठो कळत नसे. कॅमेऱ्याशेजारी एक माणूस फळा घेऊन उभा राही, त्यावर ते परके शब्द त्याला वाचता येतील अशा इंग्रजी स्पेलिंगांत लिहिलेले असत, आणि हा ते वाचून दाखवी. नवरा म्हणतो, “केवढं धाडस!” मी म्हणते, त्याचे डोळे बघ. बायकोला जवळ घेऊन बोलतोय आणि नजर तिच्या कानाच्या पलीकडे, फळ्यावर. मी ती पडद्यावरची बायको असते तर त्याला तिथेच विचारलं असतं, बाबा रे, तू कुणाशी बोलतोयस?

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझे वडील.

बाबांनी आमच्या गावी, मालवणकडे, जन्मभर भाताची गिरण चालवली. त्या गिरणीनं त्यांचा डावा कान नेला. उजवा बऱ्यापैकी आहे, मात्र समोरच्यानं तोंड उघडून, मोठ्यानं बोलायला हवं. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. मुलगा नाही, मी एकुलती एक, आणि मला एकुलती एक मुलगी. मुलगी अकरा वर्षांची. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की ती “हॅलो आजोबा, हाउ आर यू,” म्हणते, हात हलवते आणि आपल्या खोलीत जाते. तिच्या शाळेत सगळ्या मुली आपसांत इंग्रजीत बोलतात. मराठी तिला कळते, म्हणजे ‘जेवायला ये’ आणि ‘पंखा बंद कर’ एवढी कळते. बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते.

बाबांनी याचा आपल्यापुरता अर्थ लावला होता. “फोनार चेडू लाजता,” ते म्हणायचे. “समोर बसला काय बोलतला.” आणि ज्या माणसानं मुंबईला यायचं म्हटलं तरी आठवडाभर आढेवेढे घ्यावेत, तो माणूस दोन महिन्यांच्या व्हिसावर विमानात बसून मस्कतला आला. विमानतळावर मला म्हणाले, “ह्या शेवटचा हां. परत काय मी विमानात बसूचंय नाय. नातीशी बोलाक इलंय.” गुडघ्यांकडे पाहिलं तर ते खरंच होतं.

नात समोर बसली. बोलली नाही.

पहिले काही दिवस बघवत नव्हते. बाबा सोफ्यावर एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला, मध्ये उशी. बाबा विचारायचे, “शाळेत काय शिकवतत गो?” ती माझ्याकडे बघायची. मी सांगायची. बाबा म्हणायचे, “तुका नाय इचारूक, तेका इचारलंय.” ती मान खाली घालून “ऑल सब्जेक्ट्स” म्हणायची, तेही पुटपुटत, म्हणजे बाबांच्या उजव्या कानाच्याही पलीकडे. बाबांची हिंदी टीव्हीपुरती. हिची हिंदी परीक्षेपुरती. मी सकाळी कंपनीच्या बसनं रुसैलला फॅक्टरीच्या ऑफिसात जायची ती संध्याकाळी परत. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, त्यामुळे दिवसभर त्या घरात दोन माणसं एकमेकांना बिस्किटं सरकवत बसलेली असत.

त्यांची गाठ त्या नटानं घालून दिली, हे मला कबूल करावं लागतं, आणि कबूल करताना तोंड कडू होतं.

एका शुक्रवारी नवऱ्यानं भिंतीला कागद लावणाऱ्या माणसाचा सिनेमा लावला. गोष्ट अशी की नट एका घरात भिंतींना फुलाफुलांचा कागद लावायला जातो आणि लावता लावता दारावरही कागद चिकटवतो. मग दार कुठे आहे ते सापडत नाही. वीस मिनिटं तो भिंती चाचपडतो, शिडीवरून पडतो, खळीच्या बादलीत बसतो. नवऱ्यानं मुद्दाम स्पॅनिश आवृत्ती लावली होती, रसिकांना म्हणे तीच जास्त आवडते. खाली अक्षरं नाहीत, काही नाही. प्रत्येक वेळी पडल्यावर नट फळ्याकडे बघत एक वाक्य म्हणायचा, कुणाच्या तरी नावानं शंख केल्यासारखं. बाबांना त्यातलं काही कळत नव्हतं. नातीला काही कळत नव्हतं. नटाला तर नव्हतंच नव्हतं. आणि तिघंही मजेत होते. बाबा हसता हसता खोकले, ती त्यांना पाणी द्यायला उठली आणि उशीच्या अलीकडे येऊन बसली.

त्या दिवसापासून ते वाक्य घरात शिरलं. बाबा सकाळी बाथरूममधून बाहेर आले की ती दारात उभी राहून ते म्हणायची. बाबाही आपल्या परीनं म्हणायचे, मालवणी हेल काढून. बस्स, एवढाच संवाद. मला संताप यायचा. माझा बाप समुद्र ओलांडून नातीशी बोलायला आला आणि त्याला मिळालं काय, तर एका वेडपटानं फळ्यावरून वाचलेलं, अर्थ माहीत नसलेलं एक वाक्य. नवरा खूश. “बघ, विनोदाला भाषा लागत नाही,” असं म्हणून त्यानं अकलेचे तारे तोडले. मी म्हटलं, विनोदाला लागत नसेल. आजोबाला लागते.

आता मंडळाबद्दल सांगायला हवं. बौशर ते वादी अदाई या पट्ट्यात राहणाऱ्या वीसेक मराठी कुटुंबांचं आमचं एक मंडळ आहे. मंडळाला अध्यक्ष, उपाध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि सांस्कृतिक प्रमुख आहेत, म्हणजे साधा सभासद व्हायला फारसं कुणी उरत नाही. वर्षातून एकदा आमचा वर्धापनदिन असतो. बौशरमधल्या एका हॉटेलचा हॉल घेतात. बायका कपाटातून नथी बाहेर काढतात. पुरुष कुर्त्याच्या बाह्या सावरत एकमेकांना वाकून नमस्कार करतात, जसे काही आदल्या दिवशी मॉलमध्ये भेटलेच नव्हते. आणि मुलांचं मराठी नाटक होतं.

मुलांना मराठी येत नाही, ही गोष्ट मंडळात उघड आहे आणि बोलायची नाही. पूर्वी मुलं रडतखडत वाक्यं म्हणायची, विसरायची, मधेच “मम्मी, व्हॉट नेक्स्ट?” म्हणायची. अध्यक्षांना ते शोभेना. तेव्हा सेक्रेटरीनं तोडगा काढला. नाटकाचं सगळं बोलणं मोठ्यांच्या आवाजात आधी रेकॉर्ड करायचं, कार्यक्रमात ते स्पीकरवर वाजवायचं आणि मुलांनी स्टेजवर तोंड हलवायचं. कुठे काय बोलायचं ते चुकू नये म्हणून सेक्रेटरी स्वतः स्टेजखाली इंग्रजी अक्षरांत लिहिलेला पांढरा फळा धरून उभा राहतो. “प्रोफेशनल वाटतं एकदम,” असं सगळे म्हणतात. एकदा कुणा पाहुण्यानं स्टेजवर येऊन ‘परदेशातही मुलांनी मराठी काय जपली आहे’ म्हणून कौतुक केलं, तेव्हा अख्ख्या कमिटीनं विनयानं मान लववली. मी तिथेच होते. एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

त्या वर्षी नवऱ्याला स्फुरण चढलं. कमिटीच्या मीटिंगमध्ये तो म्हणाला, “आपण ना, या वेळी काहीतरी डिफरंट करूया. सुरुवातीच्या बोलपटांना ट्रिब्यूट.” ट्रिब्यूट हा शब्द ऐकला की आमची कमिटी विरघळते. ठरलं. कागद चिकटवणाऱ्या माणसाचं मराठी रूपांतर, आणि नटाच्या भूमिकेत आमची मुलगी, कारण तिला त्याच्या सगळ्या हालचाली पाठ होत्या.

तिचा आवाज देणार होत्या सेक्रेटरीबाई, म्हणजे सेक्रेटरीची बायको. त्या मूळच्या पुण्याच्या, हे त्या पहिल्या मिनिटात सांगतात. चाळिशी कधीच ओलांडली आहे, पण लहान मुलाचा आवाज काढण्याची त्यांना हौस. रेकॉर्डिंगही ऐकण्यासारखं. घरात एसीचा आवाज येतो म्हणून ही मंडळी मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये सेक्रेटरीच्या मोठ्या गाडीत बसतात, काचा वर, इंजिन बंद. ओमानच्या उन्हाळ्यात. चार माणसं घामानं निथळत बसलेली, मध्ये गिअरवर मोबाइल ठेवलेला, आणि सगळे त्या मोबाइलकडे तोंड करून बोलतात. नवऱ्यानं मला मदतीला नेलं होतं. मी मागच्या सीटवरून पाहत होते आणि मला फुलदाणी आठवत होती. बाहेर सुरक्षारक्षकानं काचेवर टकटक केली तेव्हा सेक्रेटरीबाई ‘अगं बाई, दार कुठं गेलं’ हे वाक्य बोबड्या आवाजात तिसऱ्यांदा म्हणत होत्या. त्याला काय वाटलं असेल ते त्याचं त्याला माहीत.

तालमी आमच्याच हॉलमध्ये झाल्या, मी रुसैलला असताना, आणि बाबांना त्या वेळी खालच्या एसी सुपरमार्केटात फिरायला पाठवलेलं असायचं. का, तर त्यांच्यासाठी सरप्राइज. मुलीला शिकवलं काय, तर तोंड मोठं उघड. “ओपन, बेटा, ओपन! आवाज नको, आवाज आपल्याकडे आहे.” हे सेक्रेटरीचं वाक्य मी एकदा लवकर घरी आले तेव्हा दारातूनच ऐकलं. ती खरंच छान करत होती. एक शब्द पुढे-मागे नाही. डोळे मात्र फळ्यावर. मी तिला म्हटलं, “बाळा, दोन वाक्यं तरी तुझ्या आवाजात म्हण ना, आजोबांसाठी.” सेक्रेटरी हसला. “ताई, इम्पॉसिबल. ट्रॅक एकदा लागला की खलास. मध्ये थांबवता येत नाही.” मुलीनं सुटकेचा श्वास टाकलेला मी पाहिला.

कार्यक्रम शुक्रवारी सकाळी होता. बाबांना मी पुढच्या रांगेत उजव्या टोकाला बसवलं. नंतर माझ्या लक्षात आलं की डाव्या बाजूला बसवलं असतं तर बरं झालं असतं. उजवीकडे नेमका मोठा स्पीकर होता, आणि त्यांचा चांगला कान त्याच्याकडे.

अध्यक्ष बोलले, उपाध्यक्ष बोलले, दोघंही फार बोलले. मग पडदा सरकला. शिडी, बादली, फुलाफुलांचा कागद. आमची मुलगी मोठी टोपी आणि ढगळ पँट घालून आली, प्रेक्षकांकडे पाहून तिनं तोंड उघडलं, आणि स्पीकरमधून खणखणीत, स्वच्छ, शुद्ध मराठी बाहेर पडली. ‘नमस्कार मंडळी! आज या भिंतीचं असं सोनं करतो की मालक म्हणेल, अरे वा!’

मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीत पुढे सरकले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड किंचित उघडं. त्यांना एकेक शब्द ऐकू येत होता. कित्येक वर्षांत कुणाचं बोलणं त्यांना इतकं नीट ऐकू आलं नसेल. ती बोलत होती आणि ते ऐकत होते. विनोद आला की बाबा हसत, आणि हसून झालं की पदरमोड करून जमवलेली वस्तू जपावी तसं ते वाक्य स्वतःशी पुटपुटत. शेवटी तिनं कागद फाडून दार शोधलं आणि ‘सापडलं! सापडलं!’ म्हटलं तेव्हा बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते उभे राहिले, मागे वळले आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बघलात? माझी नात! सांगलंय मा मी, फोनार लाजता म्हणान?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरीनं त्यांचा हात हातात घेऊन हलवला. सेक्रेटरीबाईंनी तर वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, “तुमची नात फारच गोड बोलते हो.” ज्या तोंडानं नात बोलली होती त्याच तोंडानं. मला त्या क्षणी त्या बाईचा जेवढा तिटकारा आला तेवढा आजवर कुणाचा आलेला नाही.

कुणी विचारेल, तू आधीच का नाही सांगितलंस? सांगायचं असतं हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आमच्याकडे नाटक म्हणजे असंच. स्टेजवरची मुलं बोलत नसतात हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. बाबा आमच्यातले नव्हते. बाबांच्या लेखी माणसाचं तोंड हललं की तो माणूस बोलतो.

घरी येताना गाडीत ते गप्प होते, पण कसे, तर लग्नाच्या आदल्या दिवशी माणूस असतो तसे. एकदाच म्हणाले, “आवाज जरा दाट वाटलो. माइकमुळे आसतलो.” नवरा म्हणाला, “हो हो, माइकमुळेच,” आणि आरशातून मला डोळा मारला. मी खिडकीबाहेर बघितलं.

संध्याकाळचा चहा झाला. बाबांनी आपल्या हातानं सोफ्यावरची मधली उशी उचलून खाली ठेवली आणि नातीला जवळ बोलावलं. “ये गो बाय. आता आपण दोगा बोलूया.” आणि बोलायला लागले. किती दिवसांचं साठलं होतं कोण जाणे. गिरण बंद केली त्याचं, तिच्या आजीनं पहिल्यांदा गिरणीत डबा पाठवला त्याचं, परसातल्या फणसाचं, तुझी आई लहानपणी गिरणीच्या पट्ट्याजवळ कशी झोपायची त्याचं. सलग, न थांबता, तिला सगळं कळतंय अशा विश्वासानं. आणि मग त्यांनी तिचा हात धरून विचारलं, “मगे, तू सांग. तुका माझ्याकडे गावाक येवचा आसा काय? येशीत? काय काय करूया आपण?”

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे, कॅलेंडरच्या जागेकडे, जणू तिथे कुणी फळा धरून उभं असेल. आणि मग तिनं तेच केलं, ज्यासाठी सकाळी हॉलनं टाळ्या वाजवल्या होत्या. तिनं तोंड उघडलं आणि ओठ हलवायला लागली. मोठे, स्पष्ट, नीट उघडमीट करणारे ओठ. आवाज नाही.

बाबा पुढे झुकले. उजवा कान तिच्या तोंडाजवळ नेला. ती ओठ हलवतच राहिली. बाबांनी कानामागे हात धरला. मग करंगळी कानात घालून हलवली. परत ऐकलं.

“वा! काय टायमिंग आहे!” नवरा दारातून म्हणाला आणि हसायला लागला. त्याला वाटलं, मूकपट चाललाय.

बाबांनी हसणाऱ्या जावयाकडे पाहिलं नाही. त्यांनी फक्त नातीचा हात सोडला आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले. “माझे कान गेले गो,” ते मला म्हणाले. अगदी शांतपणे. “हो उजवो सुदा गेलो. सकाळी त्या भोंग्याकडे बसलंय ना, थयच गेलो. चेडू बोलता आणि माका आयकाक येणा नाय.” आणि मग, “सकाळी आयकलंय ता बरा झाला. तेवढा तरी आयकलंय.”

मला पुढे होऊन सांगायचं होतं, बाबा, तुमचे कान ठणठणीत आहेत. पण त्यांचे कान परत द्यायचे तर सकाळ परत घ्यावी लागणार होती. तेवढी एक सकाळ घेऊन तो माणूस गावी परतणार होता. मी उभीच राहिले. नवऱ्याचं हसू एव्हाना थांबलं होतं, उशिरा का होईना डोक्यात काहीतरी शिरलं होतं, आणि आता तो प्रोजेक्टरच्या वायरीशी चाळा करत होता, जशी काही चूक वायरीची आहे.

मुलगी मात्र बाबांच्या हातांकडे बघत होती. ‘कान गेले’ एवढी मराठी तिला समजली होती. ती उठली, त्यांच्या समोर जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि त्यांच्या तोंडावर ओरडल्यासारखं, पूर्ण आवाजात, ते नटाचं वाक्य म्हणाली. शिडीवरून पडल्यावर म्हणायचं ते.

बाबा दचकले. “आयकाक येता!” ते म्हणाले. त्यांचा हात पुन्हा कानाकडे गेला. “येता गो आयकाक! नीट येता!” ते हसले, माझ्याकडे बघून हसले. आणि मग हसणं हळूहळू ओसरलं. त्यांनी नातीकडे पाहिलं, तिच्या बंद ओठांकडे पाहिलं.

“मगे सकाळी कोण बोलत होता?”

मराठी येणारे आम्ही दोघं तिथेच होतो. प्रोजेक्टरची वायर हातात धरून नवरा उभा होता. मी ओढणीचं टोक पिळत होते. मंडळातल्या झाडून सगळ्यांना मी मनात शिव्या घालत होते आणि त्यांच्यासारखीच मुकाट उभी होते.

“काकू,” मुलगी म्हणाली. तिला प्रत्येक शब्दाला थांबावं लागत होतं. “ती काकू होती. मी नाही बोलली. मी फक्त... असं.” तिनं ओठ हलवून दाखवले. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. “मला येत नाही, आजोबा. थोडं येतं. थोडंच येतं.”

एवढी मराठी मी तिच्या तोंडून आजवर एका वेळी ऐकली नव्हती. मला वाटलं, आता बाबा उठून खोलीत जातील. पण ते सोफ्यावर जरा सरकले, तिला उजव्या बाजूला, चांगल्या कानाशी, जागा करून दिली आणि डोळे मिटून घेतले.

“थोडा तर थोडा,” ते म्हणाले. “बोल. मी आयकतंय.”